कानात आधी उजेड जावा

आषाढ लागला की मुळशी तालुक्यातील माणसे एकमेकांशी एरवीपेक्षा चढ्या आवाजात बोलू लागतात. पुणे शहरात साऱ्या वर्षात सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पश्चिमेस पन्नास-साठ किलोमीटरांवर असलेल्या ताम्हिणीच्या माथ्यावर तोच आकडा पाच हजारांच्या पुढे जातो, आणि हे सगळे पाणी पत्र्यांवर, कौलांवर, इरल्यांवर आणि भाताच्या खाचरांवर रात्रंदिवस कोसळत असते, तेव्हा त्या अखंड घोषात एखाद्याचा कान बंद झाला तरी ते त्याच्या स्वतःच्याही ध्यानी लवकर येत नाही. माझे तसेच झाले. जुन्या जमिनींच्या दप्तरांतील काही टिपणे पडताळून पाहण्याच्या कामी मी मुळशी धरणाच्या जलाशयाकाठच्या एका गावी आठ दिवस मुक्कामास होतो. चौथ्या दिवशी पाऊस घटकाभर उघडला, ओटीवरची मंडळी आवाज खाली आणून बोलू लागली, आणि मला मात्र ती भिंतीपलीकडून बोलत असल्यासारखी भासू लागली. माझाच आवाज, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावे तसा, मस्तकात घुमू लागला. डाव्या कानात दडा बसला होता. दुपारी कानात खाज होती, दिवेलागणीस तिची ठसठस झाली, आणि मध्यरात्रीनंतर असा ठणका लागला की त्या कुशीवर वळण्याची सोय उरली नाही.

ज्या घरी मी उतरलो होतो तेथील मावशींनी पहाटेच चूल पेटवून पळीभर तेलात लसणीच्या दोन पाकळ्या तळायला टाकल्या. "दडं बसल्यात कानात. कोमट त्याल सोडलं की उतरंल बघा, दादा," असे त्या म्हणाल्या, आणि त्या बोलण्यामागे नुसती माया नव्हती, तर घरातल्या प्रत्येक लेकराच्या कानात तेल सोडून ते निभावलेले पाहिल्याचा पुष्कळ वर्षांचा अनुभव होता. पण शेजारचे, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी नेमके त्याच वेळी चहाला आले होते. त्यांनी पळी तशीच थांबवली. "मावशी, आत काय झालंय ते कुणी पाहिलंय का? पाहिल्याशिवाय वरून काही ओतू नका," एवढेच ते बोलले. तेल चुलीपाशीच राहिले. ते एक वाक्य त्या दिवशी माझ्या कानाला फार उपकारक ठरले, आणि त्यात किती अर्थ साठलेला आहे हे पुढे मला जसजसे कळत गेले तसतसे येथे सांगावयाचे आहे.

'दडा बसणे' हे एका रोगाचे नाव नव्हे. ती केवळ एक तक्रार आहे, आणि एकाच मजकुराचा तक्रारअर्ज तीन निरनिराळ्या कचेऱ्यांतून यावा तशी ती कानाच्या तीन निरनिराळ्या भागांतून येऊ शकते. बाहेरची नळी तुंबली तरी माणूस म्हणतो, 'दडा बसला'. पडद्यामागच्या हवेच्या खोलीत दाब कमी झाला किंवा पाणी साचले तरी तेच म्हणतो. आणि त्याहून आत, जेथे ध्वनीचे मज्जातंतूंच्या भाषेत रूपांतर होते, तेथे काही बिघडले तरी बिचाऱ्यापाशी दुसरा शब्द नसतो. या तिन्ही ठिकाणचे उपाय भिन्न आहेत, आणि एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगीच नव्हे, तर पुष्कळदा अपायकारक असतो.

बाहेरची नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसून किंचित वळण घेत जाते. म्हणूनच वैद्य प्रौढाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढून आत पाहतो, तान्ह्या मुलाची मात्र खाली आणि मागे ओढतो. या नळीचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा असतो. तेथेच केस असतात आणि तेथेच मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असून त्यावर त्वचेचा अतिशय पातळ थर जवळजवळ उघड्या हाडावर बसवलेला असतो. शरीरात इतरत्र त्वचा सुजली तर खालची मऊ चरबी तिला पसरायला जागा देते. येथे ती जागाच नाही. सूज येते ती हाडाच्या भिंतीत अडकते, आणि दिसायला क्षुल्लक अशा त्या सुजेचा ठणका म्हणूनच धिप्पाड माणसालाही रात्रभर येरझाऱ्या घालायला लावतो.

कानातल्या मळाला आपण मळ म्हणतो ही त्या पदार्थाशी आपण केलेली मोठी नाइन्साफी आहे. तो घाण नसून संरक्षक लेप आहे. ग्रंथींचा स्निग्ध स्राव आणि त्वचेचे झडलेले सूक्ष्म पापुद्रे यांपासून तो बनतो. तो किंचित आम्ल असल्यामुळे जंतूंना आणि बुरशीला सहजी मानवत नाही, तो पाणी अंगी लागू देत नाही, आणि धूळ व चिलटे यांना बाहेरच अडवून धरतो. याहूनही विलक्षण गोष्ट अशी, की कानाच्या नळीची त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने, दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतक्या गतीने, अखंड सरकत असते आणि मळाला आपल्या पाठीवर घेऊन बाहेर आणून टाकते; जेवताना व बोलताना जबड्याची होणारी हालचाल त्या कामी साहाय्य करते. कान स्वतःस स्वतःच झाडून घेतो. आपण कानकोरणे, केसातला आकडा, काडेपेटीची काडी किंवा कापूस गुंडाळलेली कांडी आत घालतो तेव्हा ही वाहतूक उलटी फिरवतो: थोडासा मळ काडीला लागून बाहेर येतो व समाधान वाटते, बाकीचा, आणि तोच अधिक, पडद्याच्या दिशेने दाबला जातो. असा दाबून बसलेला मळ एरवी काही त्रास देत नाही, कारण त्याच्या कडेने केसाएवढी फट जरी शिल्लक असली तरी ध्वनी आत जातो. पण एखाद्या दिवशी डोक्यावरून स्नान केले, पावसात भिजले किंवा तळ्यात बुडी मारली, की मळातील कोरडे पापुद्रे पाणी पिऊन फुगतात, ती फट बुजते, आणि माणूस म्हणतो की पाण्याने दडा बसला. पाणी निमित्त असते.

याच कारणास्तव कानातला मळ साचला असता तेल हा वाईट उपाय नव्हे, आणि येथे मावशींच्या पळीची बाजू घ्यावीच लागते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णशूल, बाधिर्य, कर्णस्राव, कर्णकंडू यांच्या बरोबरीने कर्णगूथ, म्हणजे मळाचा खडा, हाही गणला आहे, आणि त्याची चिकित्सा अशी की प्रथम तो तेलाने भिजवावा, शेकाने मऊ करावा आणि मग वैद्याने शलाकेने काढावा. मानेच्या वरच्या अवयवांच्या चिकित्सेला आयुर्वेदात शालाक्यतंत्र हे नाव पडले तेच मुळी या शलाकेवरून. आजही तज्ज्ञाकडे गेले तर क्रम हाच असतो: मळ मऊ करणारे थेंब तीन ते पाच दिवस, आणि मग शलाका, पिचकारी किंवा शोषणनळी. आपल्या घराघरांतून या क्रमाचा पहिला भाग टिकला आणि तिसरा, जो जाणत्याच्या हातचा, तो गळून गेला. शिवाय कशावर तेल घालावे हा विवेकही त्याबरोबर गेला, आणि कान म्हटला की तेल, अशी वहिवाट पडली.

मुळशीसारख्या मुलखात या वहिवाटीची किंमत मोजावी लागते ती बुरशीच्या रूपाने. भातलावणीच्या दिवसांत माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात वाकलेला असतो. इरल्याखाली पाठ कोरडी राहिली तरी वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस कानशिलांवर बसतच असतो, आणि घरी आल्यावर डोक्याला बांधलेला ओला फडका चुलीशी सुकेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. १९२१ साली ज्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापट यांच्या पुढाकाराने येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या जलाशयात आज त्यांच्या नातवंड-पतवंडांपैकी मुले पोहायला उतरतात. सतत ओलाव्याने कानातला आम्ल लेप धुऊन जातो, त्वचा मऊ पडते, त्यात खाज सुटते, खाजेपायी काडी जाते, काडीने ओरखडा उठतो, आणि त्या उबदार, अंधाऱ्या, ओलसर नळीत बुरशी लोणच्याच्या बरणीवर धरावी तशी धरते. तिचा एक प्रकार काळी टिंबे असलेल्या ओल्या टीपकागदासारखा दिसतो. हा विकार ओळखण्याची एक खूण अशी की दुखण्याच्या आधी खाज येते. दुसरी अशी की कानाच्या तोंडाशी असलेली छोटी कूर्चा दाबली किंवा पाळी ओढली तर कळ येते. पडद्यामागच्या दुखण्यात सहसा तसे होत नाही. या बुरशीवर तेल घालणे म्हणजे तिला दमट पांघरूण देणे होय. अशा कानाला हवा असतो कोरडेपणा, स्वच्छता आणि बुरशीनाशक औषध.

न पाहता तेल घालू नये, याला एक अपवाद आहे व तो शेतकऱ्याच्या घरी माहीत असलेला बरा. रात्री कानात जिवंत किडा शिरला आणि तो आत फडफडू लागला, की त्याचा त्रास असह्य असतो. अशा वेळी, पूर्वी कान फुटलेला नसेल तर, कोमट तेलाचे थेंब सोडून किड्याला आधी निश्चल करावे आणि मग दवाखाना गाठावा. पण मळणीच्या दिवसांत मुलाने कानात भाताचा दाणा किंवा वाटाणा घातला असेल तर त्यावर पाणी मुळीच घालू नये, कारण दाणा भिजून फुगतो आणि सहज निघणारी वस्तू अडकून बसते.

आता पडद्याकडे वळू. पडदा म्हणजे साधारण नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पातळ असा मोतिया रंगाचा पापुद्रा. त्याच्या पलीकडे एक-दोन मिलिलिटर हवा मावेल एवढी खोली आहे आणि तीत तीन हाडे एकमेकांस जोडून टांगलेली आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. घोडेस्वाराच्या पायाखालच्या रिकिबीचा हुबेहूब आकार असलेले हे तिसरे हाड तीन मिलिमीटरांच्या आसपास असून मानवी शरीरातले ते सर्वांत लहान हाड होय. ही खोली कार्यक्षम राहायची तर पडद्याच्या दोन्ही अंगांना हवेचा दाब समान असावा लागतो, आणि तो बंदोबस्त ठेवण्यासाठी निसर्गाने खोलीतून नाकाच्या मागे घशात उतरणारी एक नळी योजली आहे. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याचे नाव तिला मिळाले. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि चिमूटभर हवा आत सोडते.

ताम्हिणीच्या घाटाने कोकणात उतरणाऱ्या एसटीत बसलेल्या माणसाला या नळीचे कार्य पुस्तकावाचून समजते. मुळशीचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या सुमारास आहे. तेथून माणगावच्या अंगाला उतरताना अर्ध्या तासात पाचशे मीटरांची उंची संपते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाच-सहा टक्क्यांनी वाढतो. पडद्यामागची हवा मात्र पठारावरचीच असते. बाहेरचा वाढलेला दाब पडद्याला आत ढकलतो आणि दडा बसतो. मग कुणी आवंढा गिळतो, कुणी लिमलेटची गोळी चघळतो, 'टक्‌' असा आवाज होतो आणि कान मोकळा होतो. घाट चढताना हा त्रास क्वचितच होतो, कारण आतली अधिक दाबाची हवा मिटलेल्या नळीतून आपली वाट आपण काढून बाहेर पडू शकते. बाहेरच्या हवेला आत घ्यायचे तर मात्र स्नायूंनी नळी उघडून द्यावी लागते. सर्दी झालेली असली म्हणजे नळीचे तोंड सुजून चिकटलेले असते, आणि तो उतार वेदनादायक होतो. तान्ह्या मुलाला घाट उतरताना आई पाजायला घेते तेव्हा ते केवळ त्याचे रडणे थांबवण्यासाठी असते असे नव्हे. त्या गिळण्याने त्याचे कान उघडत असतात.

नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा फुंकावी आणि कान उघडावा या युक्तीला अंतोनियो वाल्साल्वा याचे नाव आहे; त्याचा कानाविषयीचा ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. पण या नळीच्या इतिहासात मला सर्वांत मनोवेधक वाटतो तो व्हर्सायचा पोस्टमास्तर गियो. तो वैद्य नव्हता. स्वतःच्या बहिरेपणाला कंटाळून त्याने तोंडातून घशामागे वाकडी नळी नेऊन युस्टाकीच्या नळीत पाणी सोडले, आणि १७२४ साली हा प्रयोग पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडला. पुढे व्हिएन्नाच्या आडाम पोलिट्झर याने १८६३ साली रबरी पिशवीने नाकातून हवा देण्याची सुलभ रीत काढली, आणि वेदना सोसण्याचे काम राहिले नाही. वाल्साल्वाची युक्ती मात्र बेताने करावी, आणि नाक शेंबडाने भरलेले असताना जोराने तर कधीच करू नये. तसे केल्यास घशातले जंतू आपण स्वतःच कानाच्या खोलीत पोचवतो.

मुलांच्या बाबतीत हे जंतू फुंकल्यावाचूनही पोचतात, कारण त्यांची ही नळी आखूड आणि अधिक आडवी असते. सर्दीनंतर दोन-तीन दिवसांनी मूल रात्री किंचाळत उठते, ताप येतो, कानाला हात लावते. पडद्यामागे पू साचत असतो. कधी पडदा फुटून पू वाहतो आणि तत्क्षणी वेदना थांबते. घरातली माणसे म्हणतात, 'कान फुटला, सुटला बिचारा.' येथेच खरा धोका सुरू होतो. पुष्कळशी छिद्रे आपोआप भरतात हे खरे. पण जी भरत नाहीत त्यांतून पावसाळ्यामागून पावसाळे कान वाहत राहतो, 'वयात आल्यावर थांबेल' असे म्हणून तो तसाच सोडून दिला जातो, आणि ते मूल शाळेत मागच्या बाकावर बसून अर्धे ऐकते व मठ्ठ म्हणवून घेते. स्रावाला दुर्गंधी असेल तर तो विशेष वाईट समजावा. अशा कानात कधी कधी त्वचेचा एक पुंजका हाड कुरतडत पसरतो, आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूपर्यंत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत मजल मारतो. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीच्या वुल्श्टाइन आणि त्सोल्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पडदा सांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आज ती पुण्यातच काय, जिल्ह्यातील अनेक ठिकाणी होते. केंद्र सरकारने २००७ साली प्रायोगिक स्वरूपात आरंभलेल्या राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाचा रोखही याच टाळता येण्याजोग्या बहिरेपणावर आहे. वाहता कान हे बालपणाचे लक्षण नव्हे, ते दुखणे आहे, एवढे जरी घरोघर मान्य झाले तरी पुष्कळ काम होईल.

तिसरा प्रकार दुर्मिळ आहे, पण त्याची माहिती सर्वांत निकडीची. सकाळी उठावे, एका कानात दडा बसल्यासारखे वाटावे, सर्दी नाही, खाज नाही, ठणका नाही, कधी केवळ गुणगुण आणि थोडी भोवळ. अशा वेळी दोष नळीत किंवा पडद्यात नसून आतल्या शंखात किंवा श्रवणतंतूत असू शकतो. घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. तोंड मिटून एकच सूर गुणगुणावा. अडथळा बाहेरच्या नळीत किंवा मधल्या खोलीत असेल तर तो सूर दडा बसलेल्या कानातच मोठा वाटतो. दोष तंतूचा असेल तर चांगल्या कानाकडे सरकतो. १८३४ साली एर्न्स्ट वेबर याने मांडलेल्या तत्त्वावर आधारलेली, चिमट्यासारख्या पोलादी नादकाट्याने करायची परीक्षा वैद्य आजही याच पायावर करतात. सूर चांगल्या कानाकडे गेला तर थेंब, तेल, शेक यांत एक दिवसही घालवू नये. अशा अकस्मात बहिरेपणावर औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडते. याउलट, कान पाहिल्यावर तो निर्मळ दिसतो आणि तरी महिनेमहिने दुखतो, असेही होते. कारण दाढ, टॉन्सिल, जबड्याचा सांधा आणि घसा यांच्या वेदनेच्या वाटा कानाशी येऊन मिळतात. तंबाखू खाणाऱ्या किंवा वर्षानुवर्षे मशेरी लावणाऱ्या माणसाचा कान असा निष्कारण दुखत असेल तर त्याचा घसा तपासलाच पाहिजे.

गुरुजींच्या वाक्याचे महत्त्व आता ध्यानी यावे. कानाला औषध देणे मानवाला हजारो वर्षे अवगत होते. कानात पाहणे मात्र अगदी अलीकडचे आहे. नळी वाकडी, अरुंद आणि काळोखी. पाहणाऱ्याचे डोके आडवे आले की आत जाणारा उजेडच अडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्य रुग्णाला खिडकीशी बसवून सूर्यकिरण कानात पडतील असे डोके वळवीत आणि ढग आला की थांबत. मुळशीच्या आषाढात, जेथे पंधरा-पंधरा दिवस सूर्यबिंब दिसत नाही, तेथे त्या रीतीने एकही कान तपासता आला नसता, आणि कानांची दुखणी तर नेमकी त्याच महिन्यांत उपटतात. हॉफमान नावाच्या एका जर्मन वैद्याने १८४१ साली मध्ये छिद्र असलेला आरसा वापरून पाहिला. १८५५ साली आंटोन फॉन ट्रॉल्च याने तो पुन्हा पुढे आणला आणि मग तो कपाळावर बांधून जगभरच्या कानतज्ज्ञांनी वापरला. दिव्याचा उजेड आरशावरून कानात जातो, आणि पाहणारा छिद्रातून त्याच उजेडाच्या वाटेने पाहतो. इतकी साधी गोष्ट सुचायला इतकी शतके जावी लागली, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

त्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघालो. वाटेतल्या एका सरकारी दवाखान्यातील तरुण डॉक्टरीणबाईंनी हातातल्या दुर्बिणीसारख्या छोट्या दिव्याने दोन्ही कान पाहिले, आधी चांगला आणि मग दुखरा, आणि म्हणाल्या, "आत मळ आहे, त्यावर बुरशी आहे आणि नळी सुजली आहे. पाण्याची पिचकारी मारायची नाही. शोषून काढायला हवं, ते यंत्र शहरात मिळेल." वेदनाशामक गोळी देऊन त्यांनी मला पुढे धाडले. ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांना पुण्यात १८६७ पासून चालत आलेले ससून रुग्णालय आहे. तालुक्यापुरते पौड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. मी एका खासगी तज्ज्ञांकडे गेलो.

पिचकारी का नको, हे मी विचारले. उत्तर असे मिळाले की नळी सुजलेली, पडद्याची स्थिती अज्ञात आणि बुरशीला पाणी प्रिय, अशा तिहेरी कारणांनी ती येथे वर्ज्य होती. कान पूर्वी फुटलेला असेल, वाहत असेल, त्यावर शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा ऐकू येणारा तो एकच कान असेल तरीही ती वर्ज्यच. आणि जेथे ती चालते तेथे पाणी शरीराइतकेच उबदार असावे लागते. थंड पाण्याने कान धुतला की रुग्णाला गरगरते आणि त्याचे डोळे एका दिशेने झटके घेतात, फार ऊन पाण्याने धुतला की उलट दिशेने, ही गोष्ट व्हिएन्नाच्या रोबेर्ट बाराणी याच्या ध्यानी कान धुतानाच आली, आणि त्यावरून त्याने आतल्या कानातील तोलाच्या इंद्रियाचे कार्य उलगडले. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले तेव्हा तो रशियनांच्या कैदेत युद्धबंदी होता. दवाखान्यात रोज घडणाऱ्या आणि प्रत्येकाने क्षुल्लक म्हणून सोडून दिलेल्या तक्रारीकडे त्याने लक्ष दिले, म्हणून मला तो विशेष आदरणीय वाटतो.

सूक्ष्मदर्शकाखाली शोषणनळीने कान साफ करायला दहा मिनिटे लागली. आवाज वादळासारखा मोठा होता, दुखले थोडेच. बुरशीनाशक औषधात भिजवलेली कापडाची वात नळीत बसवली, ती दोन दिवसांनी काढली, आणि पुढे थेंब चालू ठेवायला सांगितले: खाज थांबली म्हणून थांबवायचे नाहीत, दोन-तीन आठवडे पुरे करायचे. स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा आणि नंतर काढून टाकायचा, कारण दिवसभर कापूस कोंबून ठेवला तर आतली दमट हवा तशीच राहते. तेल नाही, काडी नाही, महिनाभर पोहणे नाही.

तिसऱ्या खेपेस गेलो तेव्हा श्रावण लागला होता. डॉक्टरांनी या वेळी कॅमेरा बसवलेली बारीक नळी कानाशी धरली आणि माझा पडदा समोरच्या काचेवर मला दाखवला. जन्मभर वाहिलेले आपल्या देहातले हे स्थळ मी प्रथमच पाहत होतो. सूज उतरली होती. मोतिया, किंचित अर्धपारदर्शक पापुद्रा, त्यामागे हातोडीच्या दांड्याची तिरपी रेघ, आणि त्या रेघेच्या टोकापासून खाली पसरत गेलेला एक उजळ त्रिकोण. तो निरोगी पडद्यावरून परतणारा दिव्याचाच प्रकाश, त्याला प्रकाशशंकू म्हणतात, असे त्यांनी सांगितले. पडदा आत ओढला गेला किंवा मागे पाणी साचले की तो मोडतो, पुसट होतो किंवा दिसेनासा होतो. डाव्या कानात तो घड्याळातल्या सातच्या अंगाला असतो, उजव्यात पाचच्या. माझा सातच्या जागी होता. मग त्यांनी खुर्ची फिरवून उजवा कानही दाखवला.